पळसपापडीची परीक्षा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, ते शाळामास्तर होते आणि मुलांना वर्गाबाहेर नेऊन झाडे ओळखायला लावत. त्यांच्या नावाच्या मंचावरून बोलायचे तर एखादे झाड घेऊनच बोलावे, असे मला वाटले. झाड शोधायला लांब जावे लागले नाही. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला निघा, नाहीतर वडशाहून कुरखेड्याकडे वळा. फाल्गुनात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस फुललेला असतो. त्याच्या फुलांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी आज फूल गळून गेल्यावर जे उरते, त्याबद्दल बोलणार आहे.

उन्हाळा चढला की पळसाला चपट्या शेंगा लोंबू लागतात. शेंग वजनाला अगदी हलकी, कागदासारखी, वरून लव असलेली. बाकी सगळी शेंग रिकामी आणि टोकाशी एकच बी. बी चपटे, लालसर तपकिरी, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, सालीवर बारीक सुरकुत्या. पाण्यात भिजत घातले की साल सुटते आणि आत पिवळसर डाळ दिसते. ही पळसपापडी. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत, आणि खरे तर साऱ्या मध्य भारतात, पोटातल्या जंतांवरचे औषध म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. मला दोनच प्रश्न विचारायचे आहेत. हे औषध लागू पडते का? आणि लागू पडत असेल, तर ते लेकराच्या पोटात घालण्याइतके निर्धोक आहे का?

जंत हा विषय तसा किरकोळ वाटतो. ताप, सर्पदंश, बाळंतपण यांच्यापुढे जंतांचे काय मोठे, असे आपण म्हणतो. पण अंकुशकृमीचे उदाहरण घ्या. रोवणीच्या दिवसांत बाया-माणसे अनवाणी पायांनी दिवसभर बांधीच्या चिखलात उभी असतात. बांधीच्या धुऱ्यावर, नाल्याच्या काठी कोणी शौचाला बसलेले असते. त्या ओल्या, सावलीच्या मातीत अंड्यांतून अळ्या निघतात, पायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तावाटे फुप्फुसात जातात, तिथून घशात आणि घशातून आतड्यात. तिथे आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन ते रक्त पितात. अंकुशकृमीच्या मुख्यतः दोन जाती माणसात आढळतात. त्यातली मोठी जात दिवसाला एका जंतामागे सुमारे 0.15 ते 0.2 मिलिलिटर रक्त गमावायला लावते. आकडा इवलासा दिसतो. पण पोटात असे शंभर जंत असतील तर आठवड्याला शंभर-सव्वाशे मिलिलिटर रक्त जाते.

आता हे रक्त कोणाचे जाते ते पाहा. गोंड, माडिया आणि या भागातल्या इतरही समाजांत सिकलसेल आहे. हिवताप आहे, आणि त्यातही मेंदूवर जाणारा फाल्सिपेरम हिवताप इथे फार. दोन्हीही तांबड्या पेशी फोडतात. बाळंतपणाला आलेली मुलगी आधीच फिकट असते. तिच्या पोटात जंतांनी घर केले असेल तर त्या हिशेबात शेवटचा धक्का त्यांचा असू शकतो. म्हणून जंतांवरचे औषध अर्धवट लागू पडणारे असले, तर त्या अर्धवटपणाची किंमत पुण्या-मुंबईतल्या घरापेक्षा एटापल्लीतल्या घरात जास्त मोजावी लागते. माझे आजचे सगळे बोलणे या एका जाणिवेतून आहे.

धानोऱ्याच्या आठवडी बाजारात जडीबुटी घेऊन बसलेल्या एका आजीला मी पळसपापडी कशी द्यायची ते विचारले. तिच्यापुढे गोणपाटावर हिरडा, बेहडा, कुड्याची साल, मुरडशेंगा, असा मांड होता. तिने बी उचलले, नखाने सालीचा टवका काढला आणि म्हणाली, "साल काढूनच द्याची बापू. सालीसंगं देल्ली तं उलट्या होते. तीन दिस उपाशीपोटी, गुळात वाटून. चवथ्या दिशी एरंडीचं तेल. मंग पाय." लहान लेकराला किती, असे विचारल्यावर तिने बोटाच्या पेराएवढा तुकडा दाखवला. आणि मग, मी न विचारता, आवाज खाली करून सांगितले, "पोटूशी बाईले नाई द्याची."

त्या दोन मिनिटांत तिने मला औषधशास्त्राचा एक पाठच दिला. कोणता भाग टाकायचा, कशासोबत द्यायचे, किती दिवस, पोट साफ करायला पुढे काय द्यायचे, वयाप्रमाणे मात्रा किती कमी करायची, आणि कोणाला मुळीच द्यायचे नाही. जुन्या औषधी ग्रंथांतही पळसबीज मधात कालवून तीन दिवस आणि चौथ्या दिवशी एरंडेल, अशीच रीत येते. चरकसंहितेने कृमींवर तीन पायऱ्यांचा उपाय सांगितला आहे. आधी ते बाहेर काढा, मग ज्या परिस्थितीत ते वाढतात ती मोडा आणि शेवटी ज्या कारणाने होतात ते टाळा. तिसरी पायरी म्हणजे आजच्या भाषेत संडास, चपला आणि हात धुणे. त्याच संहितेत कृमिघ्न द्रव्यांत अग्रमान विडंगाला, म्हणजे आपल्या वावडिंगाला दिला आहे. महाराष्ट्रातल्या किती घरांत तान्ह्या बाळाच्या पाण्यात वावडिंग उकळले जाते, हे तुम्हाला सांगायला नको. हे ज्ञान अडाणी नाही. ज्यांना ते अडाणी वाटते त्यांनी त्या आजीसमोर पाच मिनिटे बसावे.

पण ज्ञान असणे वेगळे आणि त्याची खातरजमा झालेली असणे वेगळे. "मंग पाय" या शब्दांत तिची सारी खातरजमा आहे. औषध दिले, जंत पडले, लेकरू बरे झाले. आपण सगळेच असे पाहतो. मात्र गोलकृमीच्या बाबतीत हे पाहणे फसवे ठरू शकते. गोलकृमीची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते आणि साधारण वर्ष-दोन वर्षे जगते. तिचे आयुष्य संपले की ती आपोआपही पडते. ताप आला, जुलाब झाले तरी जंत बाहेर येतात. एरंडेल दिल्यावर तर येतातच. दोन जंत पडलेले दिसले म्हणजे आत वीस उरले नाहीत, असे होत नाही. त्यासाठी शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरून, एका ग्रॅममागे अंडी किती होती आणि औषधानंतर दोन-तीन आठवड्यांनी किती उरली, हे मोजावे लागते. अंकुशकृमी तर इतके बारीक की पडले तरी सहसा कोणाच्या नजरेस येत नाहीत. त्यांच्यावर औषध चालले की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवण्याची सोयच नाही.

मग मोजून काय दिसले? 1960च्या दशकात भारतीय संशोधकांनी पळसबियांतून जंतांवर चालणारा घटक वेगळा काढला. त्याला पळसावरूनच पॅलासोनिन असे नाव मिळाले. पुढे कोंबड्यांच्या पोटातल्या गोलकृमींवर त्याचे प्रयोग झाले. जंत शरीराबाहेर काढून द्रावणात ठेवले आणि त्यात पॅलासोनिन घातले तर त्यांचे साखर घेण्याचे आणि साठवण्याचे काम बिघडते, असे त्यात आढळले. म्हणजे जंताचा शिधाच तुटतो. मेंढ्यांवरचा एक चांगला प्रयोग पाकिस्तानातल्या संशोधकांनी 2006 मध्ये छापला. मेंढीच्या वजनाच्या दर किलोमागे 3 ग्रॅम पळसबियांची पूड दिल्यावर दहाव्या दिवशी लेंड्यांतली अंडी सुमारे 78 टक्क्यांनी कमी झाली. शेजारी लेव्हामिसोल हे नेहमीचे औषध दिलेल्या मेंढ्यांत ती 99 टक्के कमी झाली.

हा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने दोन्ही बाजू दाखवल्या. पळसपापडीत खरोखर काहीतरी आहे. आजीचे पाहणे पोकळ नव्हते. आणि तरीही ती लेव्हामिसोलच्या मागे पडली, तेही प्रचंड मात्रेत. दर किलोला 3 ग्रॅम हा हिशेब बारा किलोच्या मुलाला लावला तर पूड 36 ग्रॅम होते. मेंढीचे पोट आणि माणसाचे पोट सारखे नाही, त्यामुळे हा हिशेब जसाच्या तसा लावायचा नसतो. पण आजीने दाखवलेल्या पेराएवढ्या तुकड्यात आणि 36 ग्रॅममध्ये जे अंतर आहे, ते बघून मला काळजी वाटते. तेवढ्याशा तुकड्याने जंत मरत असतील का? नसतील, तर एखादी आई "लागू पडत नाही" म्हणून मात्रा वाढवत नेईल का? आणि नेली, तर काय होईल?

इथे आपण दुसऱ्या प्रश्नाकडे आलो. पॅलासोनिनची रासायनिक घडण उलगडल्यावर एक गोष्ट समोर आली. तो कँथरिडिन नावाच्या द्रव्याचा सख्खा भाऊ निघाला. फक्त एक मिथिल गट कमी. तुरीच्या फुलोऱ्यावर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा एक भुंगेरा बसतो, तो चिरडला तर हातावर टरारून फोड येतो. त्या फोडाला कारण कँथरिडिन. ते पोटात गेले तर आतडे आणि मूत्रपिंडे जाळते, आणि अगदी थोड्या मात्रेत माणूस दगावतो. पुढे तर अशा भुंगेऱ्यांच्या एका जातीतच पॅलासोनिन सापडले. पॅलासोनिन कँथरिडिनइतके जहाल आहे असे मी म्हणत नाही. पण पळसबी लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावली की कातडी का चुरचुरते आणि जास्त खाल्ली की मळमळ, उलट्या, पोटात कळा का येतात, हे यावरून समजते. जे जंताला मारते ते त्याला गोंजारून मारत नाही. जंत आणि मूल या दोघांच्या पेशी पुष्कळशा सारख्याच आहेत. औषध कामाचे ठरते ते या दोघांमधल्या फटीवर. ज्या मात्रेत जंत मरतो आणि ज्या मात्रेत मुलाला इजा होते, त्यांच्यात किती जागा आहे त्यावर. पळसपापडीच्या बाबतीत ती फट किती रुंद, हे माणसांत कोणी नीट मोजलेले नाही.

"पोटूशी बाईले नाई द्याची" हे आजीचे वाक्यही प्रयोगशाळेने खरे ठरवले. पळसबियांतला ब्युटिन हा घटक उंदरांमध्ये गर्भधारणा रोखतो असे 1980च्या दशकात दिसले. देशाच्या अनेक भागांत पळसबी मूल नको म्हणूनही खाल्ली जात आली आहे. वावडिंगाचेही तेच. वावडिंग, पिंपळी आणि टाकणखार यांच्या पिप्पल्यादी योगाचा गर्भनिरोधक म्हणून आपल्या सरकारी संस्थांनी अभ्यास केला. तो उंदरिणींना दिला तेव्हा 2001 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार पिल्ले वजनाला कमी भरली आणि काहींमध्ये जन्मजात व्यंगे दिसली. बाळाच्या पाण्यात टाकलेले दोन-चार दाणे आणि हा योग यांत फार फरक आहे, हे खरे. पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत, जेव्हा बाईला स्वतःलाही दिवस गेल्याचे ठाऊक नसते, तेव्हा जंतांसाठी या दोन्ही बिया पोटभर खाऊ नयेत, एवढे सांगायला पुरावा पुरेसा आहे.

आणखी एक अडचण आहे, आणि ती जंगलापेक्षा बाजाराची आहे. वावडिंग म्हणून जे दुकानात मिळते ते दर वेळी खरे वावडिंग नसते. खऱ्या वावडिंगाची वेल जंगलात आता दुर्मिळ झाली आहे. तिच्या जागी तिच्या नात्यातल्या, नाहीतर अगदी वेगळ्या झाडाची तशीच दिसणारी फळे विकली जातात. जंतांवरच्या कृमिमुद्गर रसासारख्या शास्त्रोक्त गोळ्यांत पळसबीज आणि वावडिंगासोबत पारा, गंधक आणि कुचला असतो. कुचला म्हणजे आपला काजरा, स्ट्रिक्निनवाला. अशा औषधांसाठी शोधन, मात्रा, वैद्याची देखरेख हे सगळे शास्त्रात सांगितलेले आहे. पण किराणा दुकानातून पुडी आणणाऱ्याकडे त्यातले काही नसते. शिवाय ग्रंथोक्त पाठानुसार बनवलेल्या औषधाला परवाना घेताना नव्याने सुरक्षिततेची चाचणी द्यावी लागत नाही, 2010च्या नियमानेही ती मागितलेली नाही. ग्रंथ जुना आहे म्हणून बाटलीतला माल निर्धोक, असा हा हिशेब आहे आणि मला तो मान्य नाही.

"झाडपाल्याने अपाय होत नाही" हे वाक्य आपल्याकडे इतके रुजले आहे की त्यावर प्रश्न विचारला की लोकांना राग येतो. कोविडच्या वर्षी, 2020च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणारे सहा रुग्ण पाहिले. त्यांच्या यकृताला इजा झाली होती. त्यावर वादही झाला. गुळवेलीच्या जागी दुसरी जात वापरली गेली असावी असे आयुष मंत्रालयाच्या बाजूने म्हटले गेले. समजा तेच खरे. तरी रुग्णाच्या दृष्टीने काय फरक पडला? त्याने गुळवेल म्हणूनच ती घेतली होती.

आता तुमच्यापैकी काहींना वाटेल, हा डॉक्टर गोळीची वकिली करायला उभा राहिला आहे. गोळीची परीक्षाही तितक्याच कडकपणे केली पाहिजे. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, कुस्करून. ही गोळी किती चालते? 2008 मध्ये जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा एका गोळीने गोलकृमी सुमारे 88 टक्के रुग्णांत पूर्ण गेले, अंकुशकृमी 72 टक्क्यांत, आणि चाबूककृमी अवघ्या 28 टक्क्यांत. म्हणजे चाबूककृमीपुढे ही गोळीही बऱ्याच अंशी हतबल आहे. साऱ्या मुलांना सरसकट गोळी दिल्याने त्यांचे वजन आणि अभ्यास किती सुधारतो, यावर जगातल्या जाणकारांत अजून मतभेद आहेत. बांधी तीच, माती तीच, अनवाणी पायही तेच, म्हणून काही महिन्यांत जंत परत येतात. हे सगळे मी मान्य करतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गोळीचे हे दोष आपल्याला माहीत आहेत, कारण ती तपासली गेली. 28 टक्के हा आकडा लाजिरवाणा असला तरी तो आकडा आहे. पळसपापडीला माणसांतला असा आकडाच नाही, कारण तिला त्या परीक्षेला नीट बसवले गेले नाही.

परीक्षेला बसवले म्हणजे झाडपाल्याचा अपमान होतो, असे समजू नका. आपल्याच मातीत याची थोर परंपरा आहे. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि मेजर बी. डी. बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1918 मध्ये आला. 1930च्या दशकात त्याची वाढवलेली आवृत्ती ज्यांनी सिद्ध केली त्यांत डॉ. के. एस. म्हसकर आणि जेझुइट पाद्री फादर कायस होते. या दोघांनी त्याआधी मद्रास इलाख्यातल्या अंकुशकृमी चौकशीत जंतनाशकांचे रासायनिक घटक आणि त्यांचा गुण यांचा संबंध वर्षानुवर्षे तपासला होता. सर्पदंशावरच्या तीनशेहून जास्त भारतीय वनस्पती त्यांनी तपासल्या आणि 1931 मध्ये स्पष्ट लिहिले की त्यांपैकी एकीनेही विष उतरत नाही. ज्या माणसांनी भारतीय वनस्पतींचा एवढा मोठा ग्रंथ हाताखालून घातला, त्यांना वनस्पतींबद्दल प्रेम नव्हते असे कोण म्हणेल?

आणि परीक्षेत उत्तीर्ण झालेलेही आहेत. आपला ओवा घ्या. ओव्याच्या तेलातले थायमॉल हे विसाव्या शतकाच्या आरंभी अंकुशकृमीवरचे जगातले मुख्य औषध होते. रॉकफेलर यांच्या पैशाने 1909 साली अमेरिकेच्या दक्षिणेत जंतांविरुद्ध जी मोहीम सुरू झाली, ती थायमॉलवर चालली. पहिल्या महायुद्धाआधी भारतातून ओवा जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढले जाई. म्हणजे आजीबाईच्या बटव्यातल्या एका मसाल्याने खंडोखंडीचे जंत पाडले. पण ते चिमूटभर ओवा चावून साधले नव्हते. शुद्ध थायमॉल काही ग्रॅम एका दमात घ्यावे लागे. सोबत दारू किंवा तेल पोटात गेले तर ते रक्तात उतरून माणसे मरत. म्हणून आधी उपास, नंतर रेचक, असे कडक नियम होते. पुढे कमी धोक्याची औषधे आली तेव्हा थायमॉल मागे पडले. कुड्याचेही थोडे असेच. कुड्याच्या सालीतले कोनेसीन आमांशाच्या अमीबावर चालते हे सिद्ध झाले, काही काळ ते वापरलेही गेले. मग रुग्णांना झोप न लागणे, भ्रम होणे असे त्रास होऊ लागले आणि ते सोडून द्यावे लागले. चीनमधल्या तू यूयू यांनी जुन्या वैद्यकग्रंथातल्या एका वनस्पतीचा अर्क कमी तापमानावर, इथरने काढला आणि 1972 मध्ये आर्टेमिसिनिन हाती आले. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आज भामरागडच्या मुलाला फाल्सिपेरम हिवताप झाला तर आशाताई जी औषधे देतात, त्यांत याच द्रव्यापासून बनलेले आर्टेसुनेट असते. पण त्याच झाडाचा काढा करून पिऊ नका, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. काढ्यात औषधाची मात्रा कमी पडते आणि जंतू औषधाला सरावतात.

मग पळसपापडीची परीक्षा कोणी घ्यायची? माझे म्हणणे असे की ती इथेच घेतली पाहिजे. इथे संशोधन होत नाही, हे म्हणणे गडचिरोलीने कधीच खोटे ठरवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन, शेजारच्या गावांशी तुलना करून, नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. साऱ्या जगाने त्याची दखल घेतली. राणीताईंनी 'गोईण'मध्ये इथल्या बाया झाडांबद्दल काय जाणतात ते नोंदवून ठेवले आहे. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, चंद्रपुरात 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसेही आहेत आणि जंतही आहेत.

ही चाचणी मुलांवर सुरू करायची नाही. आधी वेगवेगळ्या तालुक्यांतून, वेगवेगळ्या महिन्यांत गोळा केलेल्या बियांत पॅलासोनिन किती, ते मोजायचे. कुरखेड्याच्या आणि सिरोंच्याच्या पळसात ते सारखे असेल याची खात्री कोणी द्यावी? साल काढल्याने, भिजवल्याने, गुळात वाटल्याने काय बदलते तेही पाहायचे. आजीने साल टाकायला सांगितले, त्यामागचे कारण शोधायचे. मग प्राण्यांत मूत्रपिंडे आणि यकृत तपासायचे. त्यानंतर जंत असलेली, पण फिकट नसलेली, आजारी नसलेली, गरोदर नसलेली प्रौढ माणसे, अल्बेंडाझोलच्या शेजारी, अंडी मोजून. ज्यांच्यावर पळसपापडी चालणार नाही त्यांना शेवटी गोळी मिळालीच पाहिजे. कदाचित तिचा गुण फक्त गोलकृमीवर दिसेल, अंकुशकृमीवर नाही. कदाचित चाबूककृमीवर, जिथे गोळी थिटी पडते, तिथे काहीतरी हाती लागेल. किंवा काहीच लागणार नाही, आणि तेही आपण छापले पाहिजे.

आणि परवानगी ग्रामसभेची. मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. त्या गावाला न विचारता तिथल्या जंगलात कोणाला काही करता येत नाही, हे सरकारलाही शिकावे लागले आहे. औषधी ज्ञानालाही तोच न्याय हवा. केरळातल्या अगस्त्य डोंगरातल्या काणी लोकांकडून 'आरोग्यपच्चा' या वनस्पतीची माहिती घेऊन तिरुवनंतपुरमच्या वनस्पती संशोधन संस्थेने 'जीवनी' हे औषध तयार केले, 1995 मध्ये त्याचा परवाना विकला आणि मिळकतीतला अर्धा वाटा काणींना द्यायचे ठरवले. त्यात पुढे अडचणी आल्या, पण वाट दिसली. धानोऱ्याच्या बाजारातल्या आजीने मला दोन मिनिटांत जे सांगितले, ते उद्या कोणी गोळीत भरून विकले, तर तिच्या गावाला काय मिळणार हे चाचणी सुरू होण्याआधी कागदावर आले पाहिजे.

शेवटी, अशा व्याख्यानानंतर हमखास विचारला जाणारा प्रश्न मीच घेतो. "डॉक्टर, हे सगळे ठीक, पण माझ्या नातीला आज काय देऊ?" नातीला अल्बेंडाझोल द्या. ती शाळेत फुकट मिळते, चावून खायची असते, ताप किंवा दुसरे आजारपण असेल तर त्या दिवशी टाळून नंतर द्यायची असते. नातसून गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांत ना पळसपापडी, ना गोळी. चौथ्या महिन्यापासून नर्सताईंना विचारून गोळी. हुडहुडी भरून ताप आला असेल तर त्याला जंताचा ताप म्हणत काढ्यावर दिवस काढू नका, त्याच दिवशी बोटाचे रक्त तपासून घ्या. फाल्सिपेरम दोन दिवसांतही मेंदूवर जाऊ शकतो. उपचाराला पुजाऱ्याकडे जायचे असेल तर जा, माझी ना नाही, पण रक्त तपासून मग जा. आणि घरात कोणी पळसपापडी आधीच खाल्ली असेल, उलट्या होत असतील, लघवी कमी झाली असेल किंवा लाल होत असेल, तर लाजून लपवू नका. दवाखान्यात न्या, आणि उरलेल्या बिया पुडीत बांधून सोबत घ्या. काय खाल्ले, किती खाल्ले, साल काढली होती की नाही, हे डॉक्टरांना सांगा.